हॉटेलातल्या पदार्थात काय नि किती आहे, हे गिऱ्हाइकाला सांगायला हवं का?

रानजाई
माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिला टाइप १ मधुमेह असल्याचं कळलं. तेव्हापासून तिच्या प्रत्येक घासाआधी आमच्या घरात बेरीज चालते. एक फुलका म्हणजे साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं, वाटीभर भात २८-३०, आमटीत गूळ असेल तर तो वेगळा. तिला १२ ग्रॅमला १ युनिट इन्शुलिन लागतं आणि ते जेवायच्या पंधरा मिनिटं आधी घ्यायचं असतं. म्हणजे ताट समोर येण्याआधीच त्यात काय असणार हे मला ठाऊक हवं. घरी ते जमतं. ओट्यावर वजनकाटा असतो, कणीकसुद्धा मोजून भिजवते.

हॉटेलात सगळं अडतं. तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला मंचाव सूप, व्हेज मंचुरियन आणि फ्राइड राइस होता. मी वेटरदादांना विचारलं, साखर घालता का? ते म्हणाले, "नाही मॅडम, आपल्याकडे साखर अजिबात नाही." मी फक्त भाताचा हिशोब केला. तीन तासांनी रक्तातली साखर ३४०. ती रात्र आम्ही दोघांनी जागून काढली. पुढच्या वेळी दुसऱ्या हॉटेलात डाळ खिचडी मागवली. मी भाताचा अंदाज धरून इन्शुलिन दिलं आणि समोर आली ती जवळजवळ आमटीच, त्यात शितं शोधावी लागत होती. तिची साखर ५८ पर्यंत उतरली. भर हॉटेलात तिला साखरेचं पाणी पाजलं.

त्या दोन्ही हॉटेलांवर माझा राग नाही. पण पुड्यातल्या बिस्किटावर सगळं छापलेलं असतं, मग ताटातल्या जेवणाबद्दल काहीच कसं सांगत नाहीत? सांगायला हवं की नको? आणि सांगायचं तर नेमकं काय?

टाचण
कायदा आहे, तो आधी सांगतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे लेबलिंग आणि डिस्प्लेचे नियम २०२० सालचे. त्यात हॉटेलांसाठी वेगळा भाग आहे आणि त्याची अंमलबजावणी २०२२ पासूनची. ज्यांचा परवाना केंद्रीय आहे किंवा ज्यांच्या १० किंवा अधिक ठिकाणी शाखा आहेत, त्यांनी मेनूकार्डावर किंवा फलकावर प्रत्येक पदार्थासमोर एका वाढपातली ऊर्जा किलोकॅलरीत लिहायची. सोबत हेही लिहायचं की साधारण सक्रिय प्रौढ माणसाला दिवसाला २,००० किलोकॅलरी लागतात, पण गरज ज्याची त्याची वेगळी असू शकते. ॲलर्जीची माहिती द्यायची. बाकीचं पोषणमूल्य पुस्तिकेत किंवा वेबसाइटवर दिलं तरी चालतं. वर्षात ६० दिवसांपेक्षा कमी चालणारे स्टॉल आणि समारंभांचे केटरर यातून वगळलेत. गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून बदलून केलेला पदार्थही वगळलाय.

म्हणजे गल्लीतलं हॉटेल, खानावळ, मिसळीचं दुकान यांना हे लागू नाही. आपण जिथे जेवतो त्यातली बहुतेक ठिकाणं तीच.

पाणकावळा
मिसळीवर कॅलरी लिहायच्या ठरवल्या तर कटाच्या तिसऱ्या वाटीचा हिशोब कुणी ठेवायचा? आमच्याकडे कट फुकट असतो, त्यामुळे तो मोजायचा नसतो असा समज आहे. :)

तर्रीबाज
नागपुरात तर्रीला हात लावायचा नाही भाऊ. बाकी काय मोजायचं ते मोजा.

मेतकूट
रानजाई, मी आहारतज्ज्ञ आहे. तुमच्या ३४० चं कारण सांगते, कारण हे अनेक आईबाबांना माहीत नसतं. वेटर खोटं बोलले नव्हते. मंचुरियनच्या गोळ्यांना मैदा आणि कॉर्नफ्लॉवर बांधायला लागतं, ग्रेव्ही कॉर्नफ्लॉवरनेच दाट होते, मंचाव सूपही तसंच, आणि वर मैद्याचे तळलेले नूडल्स. कॉर्नफ्लॉवर म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅममध्ये ९० च्या आसपास कर्बोदकं. शिवाय टोमॅटो सॉस आणि चिली सॉस यांत कारखान्यातच साखर पडलेली असते. ती आचाऱ्याने घातलेली नसते, म्हणून "साखर घालत नाही" हे उत्तर त्याच्या दृष्टीने खरंच असतं.

तेव्हा "साखर घालता का" या प्रश्नाचा उपयोग नाही. "दाट कशाने केलंय?" असं विचारा. या एका प्रश्नातून निम्मी माहिती मिळते.

झुळूक
मला हे पटत नाही. हॉटेलात माणूस चार घटका मजा करायला जातो. तिथे पनीरच्या डोक्यावर ६५० आकडा लिहिलेला दिसला की घास घशात अडकेल. रानजाईंच्या मुलीचं दुखणं खरं आहे, मला वाईट वाटलं वाचून. पण एका मुलीसाठी शंभर जणांच्या ताटात आकडे कशाला? आपल्या आज्या काही मोजत नव्हत्या.

सांजवात
झुळूक, आपल्या आज्या हॉटेलात किती वेळा जेवल्या? माझी आजी तीर्थयात्रेला गेली तेव्हा दोनदा जेवली असेल. माझ्या घरी आठवड्यातून तीन दिवस पार्सल येतं, कारण आम्ही दोघं सव्वाआठला घरी पोचतो. भाच्याची तर दोन्ही वेळची मेस. आता हॉटेल ही चैन राहिलेली नाही, रोजचं जेवण झालंय.

आणि ती "एक मुलगी" नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज आहे. त्यातले फार थोडे टाइप १ चे, हे मान्य. पण ताटात काय आहे हे कळण्याची गरज सगळ्यांनाच आहे.

माझे वडील डायलिसिसवर होते. त्यांचं पथ्य मिठाचं, पाण्याचं आणि पोटॅशियमचं. दर मंगळवारी डायलिसिसहून येताना त्यांना बाहेर इडली खायची इच्छा व्हायची, तेवढाच त्यांचा विरंगुळा. सांबार नको म्हणायचे, कोरडी इडली आणि थोडी चटणी घ्यायचे. "मीठ कमी घाला" म्हटलं की उत्तर ठरलेलं: पीठ सकाळीच भिजलंय काका. बरोबरच होतं ते. पण त्या पिठात मीठ किती, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, ही मर्यादा धडधाकट माणसासाठी आहे. बाबांना तर त्याहून कमी चालायचं. मला कॅलरीचा आकडा कधीच नको होता. मला मिठाचा हवा होता.

हडसनपार
सांजवात, तुमच्या शेवटच्या वाक्यावरून आठवलं. न्यूयॉर्क शहराने २०१५ मध्ये एक नियम केला. १५ किंवा अधिक शाखा असलेल्या साखळी हॉटेलांत ज्या पदार्थात २,३०० मिलिग्रॅम किंवा जास्त सोडियम (मिठातला घटक) आहे, त्याच्यासमोर मीठदाणीचं चिन्ह छापायचं. एका पदार्थात दिवसभराचं सोडियम! मी नोकरीसाठी रोज शहरात जाते आणि ते चिन्ह सूपसमोर दिसलं तेव्हा हादरलेच होते, कारण सूप म्हणजे हलकं असं माझं गृहीत होतं.

कॅलरीचे फलकही आधी याच शहरात लागले, २००८ साली. देशभराचा नियम मे २०१८ पासून, २० किंवा जास्त शाखा असलेल्यांना. आणि रानजाईंच्या कामाचं म्हणजे, मेनूवर फक्त कॅलरी असली तरी कर्बोदकं, साखर, सोडियम, प्रथिनं ही सगळी माहिती मागितली तर लेखी द्यावीच लागते. मात्र आमच्या न्यू जर्सीतली डोसा-चाटची घरगुती दुकानं २० शाखांची नाहीत. तिथे मी तुमच्याइतकीच अंधारात.

घाटमाथा
मी हॉटेलवाला. साताऱ्याकडे हायवेवर ४० टेबलं, २२ वर्षं झाली. धागा सकाळीच वाचला होता, आता गल्ला बंद करून लिहितोय.

रानजाईताई, आधी तुमच्या लेकीला आशीर्वाद. आता आमची बाजू. माझ्या मेनूत ११० पदार्थ आहेत. तुम्ही म्हणता त्यात किती ग्रॅम काय. माझा वस्ताद वजनाने स्वयंपाक करत नाही, तो पळीने करतो. सोमवारी कांदा ओला येतो, ग्रेव्ही जास्त परतावी लागते, तेल जास्त जातं. शुक्रवारी टोमॅटो आंबट निघाला की साखर चिमूटभर वाढते. रविवारी गर्दीत दुसरा आचारी भांड्यावर असतो, त्याची पळी मोठी. मी आकडा छापला आणि तुम्ही त्यावर विसंबून लेकीला इंजेक्शन दिलं तर? चुकीचा आकडा देण्यापेक्षा न दिलेला बरा, असं मला मनापासून वाटतं. साखळी हॉटेलांचं वेगळं असतं, त्यांच्याकडे सगळं मध्यवर्ती किचनमधून वजन करून पाकिटात येतं. आकडा तिथे खरा निघतो.

आणि परीक्षणाला नमुने पाठवायचे तर ११० पदार्थांचा खर्च कुणी करायचा? शेवटी तो तुमच्याच बिलात येणार.

टाचण
घाटमाथा, नियमातली १० शाखांची अट याचसाठी आहे. पण पळीचा मुद्दा अर्धाच बरोबर वाटतो. पळी कमीजास्त झाली तरी पदार्थात काय पडतं ते रोज तेच असतं. घटक तर सांगता येतील?

मांडवीतीर
हेच लिहायला आले होते. मला कोळंबीची ॲलर्जी आहे. आमच्या गोव्यात ही केवढी पंचाईत! फिश थाळीत किसमूर येते, ती सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची कोशिंबीर. ती मला दिसते तरी, बाजूला ठेवता येते. पण हुमणातली, म्हणजे माशाच्या रश्शातली, दिसत नाही. बांगड्याचं म्हणून वाढतात, आणि त्याच रश्शाचं वाटण एका पातेल्यातून सुंगटांच्या हुमणालाही गेलेलं असतं, पळी तीच. दोन वर्षांपूर्वी अशाच एका जेवणानंतर ओठ सुजले आणि श्वास लागला. नवऱ्याने गाडी कशी चालवली ते त्याचं त्याला माहीत.

मला ग्रॅम नकोत, कॅलरी नकोत. "याला कोळंबीची पळी लागली आहे का" एवढंच हवंय. त्याला कुठलं परीक्षण लागतं?

थेम्सकाठ
मांडवीतीर, इंग्लंडमध्ये १४ ॲलर्जीकारक घटकांची यादी ठरलेली आहे आणि कोपऱ्यावरच्या लहानशा दुकानालाही त्यांची माहिती द्यावी लागते. मी अर्धवेळ एका भारतीय हॉटेलात काम करायचे. भटारखान्यात भिंतीवर तक्ता होता: डावीकडे पदार्थ, वर १४ घटक, चौकटीत खुणा. मालकांनी एका दुपारी बसून भरला होता. नवीन पदार्थ आला की एक ओळ वाढायची. मोहरीसुद्धा त्या यादीत आहे, त्यामुळे आमच्या तक्त्यावर मोहरीच्या रकान्यात खाली पर्यंत खुणाच खुणा होत्या.

कॅलरीचं मात्र मला वेगळं सांगायचंय. इथे एप्रिल २०२२ पासून २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या व्यवसायांना मेनूवर कॅलरी लिहाव्या लागतात. माझ्या भाचीला खाण्याचा आजार होता. तीन वर्षं ती दिवसाला दोन सफरचंदांवर जगायला बघत होती. बरी होत आल्यावर आम्ही तिला बाहेर जेवायला नेलं. तिने मेनू उघडला, आकड्यांवरून बोट फिरवत सगळ्यात लहान आकडा शोधला आणि मेनू मिटला. त्या दिवशी तिने फक्त पाणी घेतलं. नंतर कळलं की मागितलं तर बिनआकड्यांचा मेनू देण्याची मुभा हॉटेलांना आहे. आता मी जाण्याआधी फोन करून तोच मागून ठेवते.

रानजाई, तुमच्या मुलीला आकडा हवाच. माझ्या भाचीला तो दिसायलाही नको. दोन्ही मुली एकाच टेबलावर बसू शकतील अशी काहीतरी सोय हवी.

झुळूक
थेम्सकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून गलबललं. मी मजेपुरतंच बोलत होते, इतकं खोल गेले नव्हते.

पाणकावळा
मध्यंतरी समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा येणार अशी बातमी फिरत होती ना? त्याचं काय झालं?

टाचण
तसं काही नव्हतं. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत आणि संस्थांत तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावा असं कळवलं होतं. बातम्यांत त्याचं रूपांतर "नागपुरात समोशावर इशारा" असं झालं. जुलैत सरकारने खुलासा केला की फेरीवाल्यांच्या पदार्थांवर कुठलाही इशारा लावायला सांगितलेलं नाही. फलक कँटीनच्या भिंतीवर लावायचा आहे.

तर्रीबाज
आमच्या ऑफिसच्या कँटीनात लागलाय तसा. पहिले दोन दिवस सगळे थांबून वाचायचे. आता त्याच्याखाली उभं राहून सांबारवडी खातात. पण एक सांगतो, मी चहातली साखर दोन चमच्यांवरून एकवर आणली ती तो फलक बघूनच. दिवसाला सहा चहा होतात माझे. ते चित्र डोक्यातून जाईना.

मेतकूट
तर्रीबाज, सहा चमचे म्हणजे २५-३० ग्रॅम साखर वाचली रोजची. जेवणातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा हे मोठं काम झालं.

मेनूवरच्या कॅलरीमुळे लोक कमी खातात का, याचाही अभ्यास झालाय. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२५ च्या सुरुवातीला बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. फरक सरासरी १.८ टक्के. ६०० किलोकॅलरीच्या जेवणात ११ किलोकॅलरी, म्हणजे दोन बदाम. तेव्हा आकडा लावला की देश सडपातळ होईल, असं मी कुणालाही सांगत नाही. पण रानजाई, मांडवीतीर, सांजवात यांना आकडा बारीक व्हायला नको आहे. त्यांना सुखरूप घरी पोचायचं आहे. माहिती कुणासाठी द्यायची हे ठरलं की काय द्यायची हे आपोआप ठरतं. आजाऱ्याला कर्बोदकं, मीठ आणि ॲलर्जी हवी असते. आपला नियम ठळक अक्षरात कॅलरीच मागतो. मला तिथेच तो अपुरा वाटतो.

रानजाई
अगदी हेच. एका पिझ्झा साखळीच्या वेबसाइटवर मला प्रत्येक तुकड्यातली कर्बोदकं सापडली. त्या दिवशी मुलीने दोन तुकडे खाल्ले आणि रात्रभर साखर जागेवर राहिली. पण यातला अन्याय बघा ना. मैद्याचा पिझ्झा तिला निर्धास्त खाता येतो, आणि थालीपीठ, मसालेभात, भरलं वांगं यांना मात्र आम्ही घाबरतो, कारण आपल्या जेवणाचा आकडा कुणी काढलेला नाही. ती परवा म्हणाली, "आई, पिझ्झाच घेऊ, तो सोपा आहे." मला ते फार लागलं.

घाटमाथा दादा, तुमचं म्हणणं मी समजते. पण माझा आजचा अंदाजही अंधारातलाच आहे. "२० ते ३०" असं कुणी सांगितलं तरी माझा निम्मा घोर जाईल. थोडं चुकलं तर दोन तासांनी तपासून सावरता येतं. काहीच माहीत नसेल तर कशाला सावरणार?

घाटमाथा
ताई, तुमच्या लेकीचं ते पिझ्झ्याचं वाक्य वाचलं आणि दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. काल दुपारी गर्दी ओसरल्यावर वस्तादांना बसवलं. आमची लाल ग्रेव्ही, म्हणजे जिच्यावर पनीर, कोफ्ता, मिक्स व्हेज असे १४ पदार्थ उभे आहेत, तिचं सामान एकेक करून काट्यावर ठेवलं. वस्ताद आधी रागावले, त्यांना वाटलं मी चोरी पकडतोय. कारण सांगितलं तसे स्वतःच मीठसुद्धा मोजायला लागले.

एका घाण्यात: कांदा ५ किलो, टोमॅटो ४ किलो, काजू अर्धा किलो, मगज (खरबुजाच्या बिया) अर्धा किलो, तेल दीड लिटर, साखर पाव किलो, मीठ १८० ग्रॅम. त्यात ४० प्लेट निघतात. मेतकूटताई, याचा हिशोब मांडून द्याल का?

मेतकूट
आनंदाने! कांद्याची कर्बोदकं साधारण ४५० ग्रॅम, टोमॅटोची १३०, काजू-मगजाची मिळून १९०, साखर २५०. एकूण हजाराच्या थोडी वर, भागिले ४०. म्हणजे प्लेटला २५ ग्रॅमच्या आसपास. तेल प्लेटला ३४ ग्रॅम, त्याचेच ३०० वर किलोकॅलरी. मीठ साडेचार ग्रॅम. एक प्लेट दोघं खातात असं धरलं तर माणशी १२-१३ ग्रॅम कर्बोदकं आणि सव्वादोन ग्रॅम मीठ. भाजी, पनीर, वरून घातलेलं बटर आणि साय वेगळी. पळी लहानमोठी होणार म्हणून मी "माणशी १० ते १५" असं लिहीन.

सांजवात
साडेचार ग्रॅम मीठ एका प्लेटला. बाबांचं दिवसभराचं तेवढं नव्हतं. दादा, तुम्ही वजन केलंत आणि इथे लपवलं नाहीत, याचं मोल मला विचारा.

रानजाई
आणि मी पनीरच्या भाजीचे आजवर ५ धरत आले होते! लाल ग्रेव्ही म्हणजे टोमॅटो, टोमॅटोत काय असणार, असं वाटायचं. आता कळलं, मधुमेह नीट सांभाळत असूनही बाहेर जेवून आलो की दर वेळी तिची साखर २००-२२० पर्यंत का जायची.

घाटमाथा
ताई, वस्तादांनी मीठ १८० वरून १५० वर आणलंय. गेल्या आठवड्यात कुणीही मीठ मागितलं नाही, मी टेबलांवर लक्ष ठेवून होतो. आता ठरवलंय ते असं. मेनूकार्डावर आकडे नाहीत, थेम्सकाठताईंच्या भाचीसाठी. गल्ल्यावर एक वही. तिच्यात २० पदार्थ: कर्बोदकं अमुक ते अमुक, मीठ, दाट कशाने केलंय, शेंगदाणे, काजू, दूध, मैदा आहे की नाही. जो मागेल त्याला दाखवायची. ६ पदार्थ झालेत. शेंगदाण्याच्या रकान्यात बघितलं तर भरल्या वांग्यापासून कोशिंबिरीपर्यंत कूटच कूट आहे. माझ्या २२ वर्षांत हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

मांडवीतीरताई, मासळीसाठी वेगळी पळी लावली. लाल दांड्याची, कोळंबीची.

मांडवीतीर
गोव्याहून साताऱ्याला यायला कारण मिळालं.

तर्रीबाज
वहीत मिसळीची ओळ आहे का दादा? कटासकट?

घाटमाथा
आहे. पहिल्या वाटीपर्यंत.

रानजाई
रविवारी आम्ही इथल्याच एका लहान हॉटेलात गेलो. वेटरदादांना मेतकूटताईंचा प्रश्न विचारला: दाट कशाने केलंय? ते आत गेले आणि आचारीकाकांनाच घेऊन आले. काका हात पुसत म्हणाले, "कॉर्नफ्लॉवर नाही ताई, डाळीचं पीठ आहे, दोन चमचे असतील." लेकीने त्यांना थेट विचारलं, "सपाट की शीग?" काका हसले, आत गेले आणि चमचाच घेऊन आले. तिने हिशोब केला, साडेचार युनिट. दोन तासांनी १६२.

घाटमाथा दादा, ती विचारतेय की तुमच्या वहीत थालीपीठ कधी येणार. भाजणी कशाकशाची आहे तेही लिहा म्हणाली.